आद्य सरीसृपांचा एप्रिल

मार्च सरायला आला की मला एका जागी बसवत नाही. परीक्षा माझी नसते, मुलांची असते; मी नुसती पर्यवेक्षक. तरी बाकांमधून फेऱ्या मारताना चपलेचा आवाज होऊ नये म्हणून जपते, आणि तशा जपत जपत फेऱ्याच मारत राहते. पंख्याखाली उत्तरपत्रिकांचे कोपरे फडफडतात. खिडकीबाहेर परळच्या पुलावर हॉर्न एकमेकांशी भांडत असतात. एखादी मुलगी पेनचं टोपण चावत छताकडे बघते आणि मी उगाच आणखी एक फेरी मारते. घरी आल्यावरही तेच. धुतलेली भांडी पुन्हा धुते, लावलेलं कपाट पुन्हा लावते. नवरा म्हणतो, “तुझी कसली गं परीक्षा?”

त्याला काय सांगणार? काही ऋतू अंगात शिरतात ते निघतच नाहीत. माझ्या अंगात शिरलेला ऋतू म्हणजे एमएस्सीच्या शेवटच्या वर्षाचा तो एप्रिल. लालबागच्या आमच्या चाळीत गच्चीवर सांडगे वाळायला घातलेले, गॅलरीत कुणाकडे तरी कैरीचा तक्कू चाललेला, आणि मी मांडीवर वही घेऊन पाठ करतेय ती कोट्यवधी वर्षांपूर्वी मेलेल्या प्राण्यांची घराणी. घाम हनुवटीवरून थेट एखाद्या कवटीच्या आकृतीवर पडायचा आणि शाई पसरायची.

शेवटचा पेपर नामशेष झालेल्या सरपटणाऱ्या प्राण्यांच्या वर्गीकरणाचा. तो शिकवायच्या लिमये मॅडम. गिरगावात राहायच्या, निवृत्तीला आल्या होत्या, आणि कडक इस्त्रीची सुती साडी दिवसभर तशीच कडक ठेवायची कला त्यांना साधली होती. पहिल्याच तासाला त्या म्हणाल्या, “कानशिलावर बोटं ठेवा आणि दात आवळा.” आम्ही आवळले. बोटांखाली स्नायू टणकन फुगला.

“हा फुगायला जागा लागते. म्हणून कवटीला डोळ्याच्या मागे भोक असतं. तुम्हाला एक. मगरीला दोन. कासवाला नाही. झालं, निम्मा विषय संपला.”

खरोखरच वर्गीकरण तसं होतं, भोकं मोजून केलेलं. खाली एक भोक असलेले ते एका बाजूला. त्यांच्यातून पुढे आपण आलो. दोन भोकांचे दुसऱ्या बाजूला. त्यांच्यातून पाली, मगरी, पक्षी. आणि भोकच नसलेले, सगळ्यांत जुने, ते मुळाशी. मॅडमच्या टिपणांत या मुळाशी बसलेल्यांचं नाव होतं कॉटिलोसॉर, म्हणजे आद्य सरीसृप. ती टिपणं आमच्याच काय, मुंबईतल्या निम्म्या कॉलेजांत झेरॉक्स होऊन फिरायची. मॅडमची डॉक्टरेटही त्याच गटावर होती. तरुणपणी त्यांनी गोदावरीच्या खोऱ्यातून दातांच्या रांगा असलेला जबड्याचा एक तुकडा आणला होता आणि त्याला या आद्य सरीसृपांत बसवलं होतं. त्याबद्दल बोलताना त्यांचा आवाज जरा बदलायचा, माहेरचं कुणी आल्यासारखा.

माझ्याबरोबर अभ्यासाला असायची सुजाता. वरळीच्या बीडीडी चाळीतली. तिची आई परळच्या एका रुग्णालयात परिचारिका होती; वडील सुजाता शाळेत असतानाच गेले होते. सुजाताला पुढे संशोधनच करायचं होतं, दुसरं काही नाही. दक्षिणेतल्या एका संस्थेत तिची निवड जवळपास झाली होती. फक्त पहिला वर्ग हवा होता. मला तसं काही ठरवता आलं नव्हतं. मी तिच्या ठरवण्याला टेकून उभी होते, एवढंच.

त्या वर्षी होळीच्या सुमारास प्रयोगशाळेतली एक फळी वाळवीने खाऊन खाली आली. तिच्यावर ठेवलेले कवट्यांचे जुने प्लास्टरचे नमुने फरशीवर पडले आणि त्यांचा चुरा झाला. प्रात्यक्षिक परीक्षा तोंडावर. मॅडम तो चुरा बघत उभ्या राहिल्या तेव्हा मला राहवलं नाही. म्हटलं, “मॅडम, माझे बाबा लालबागला गणपतीच्या कारखान्यात साचे काढतात. आत्ता त्यांच्याकडे काम कमी असतं.”

पुढचे कितीतरी दिवस कॉलेज सुटल्यावर आम्ही तिघी कारखान्यात जायचो. बाहेर मिरची-मसाल्याच्या दुकानांचा खकाणा, आत प्लास्टरची पांढरी धूळ. शिंका कुठल्या कशाने येतायत ते कळायचं नाही. मॅडम प्लास्टरच्या गोणीवर रुमाल पसरून बसायच्या आणि आकृत्या दाखवायच्या. बाबा काथ्या पिंजत ऐकायचे. पहिला नमुना शाडूत घडवला तेव्हा त्यांनी तो हातभर लांब धरला आणि म्हणाले, “ह्यां काय गो? डोळे अशे बाजूक? समोरच्या माणसाक बघतलो कसो?”

मॅडम खळखळून हसल्या. त्यांना तसं हसताना मी तोवर पाहिलं नव्हतं. “त्याला समोरचं बघायचंच नाहीये, साटमभाऊ. मागून कोण खायला येतंय ते बघायचंय.”

बाबांचं आयुष्य डोळे आखण्यात गेलेलं. डोळ्यांच्या जागी नुसती खोबण ठेवायची हे त्यांना शेवटपर्यंत रुचलं नाही.

तिथेच एका संध्याकाळी पुढच्या सगळ्याला सुरुवात झाली. मिलरेटा नावाचा एक लहानसा, सरड्यासारखा प्राणी होता. सुजाताने त्याच्या पिल्लाची आणि मोठ्या प्राण्याची अशा दोन कवट्या मागितल्या होत्या. पिल्लाच्या कानशिलावर भोक होतं, मोठ्याच्या नव्हतं. बाबांनी दोन्ही काढल्या, पण भोक एकीलाही नव्हतं.

“बाबा, हिचं भोक कुठे गेलं?” मी विचारलं.

“माका वाटलां साचो फुटलो. म्हणान बुजयलंय.”

मॅडम म्हणाल्या, “हरकत नाही. मोठेपणी ते बुजतंच. हा नमुना मोठ्याचा म्हणून चालेल.”

सुजाता ती मुठीएवढी कवटी हातात फिरवत होती. ती म्हणाली, “मॅडम, मग हा लहानपणी एका गटात आणि मोठेपणी दुसऱ्या?”

“अपवाद आहे तो.”

“पण याच्या भावंडांना मोठेपणीही भोक असतं, असं वाचलंय मी. म्हणजे अख्खं घराणंच अपवाद?”

“सुजाता, अपवाद असतात. पेपर लिहिताना त्यांच्या मागे लागायचं नसतं.” मॅडमनी रुमाल झटकला आणि उठल्या.

सुजाता मागे लागली. तिचा तो स्वभावच होता. मनात काही अडकलं की तिला जेवण जायचं नाही. दादरच्या एका सायबर कॅफेत बसून ती परदेशातले शोधनिबंध उतरवायची, छापून घ्यायची आणि माझ्याकडे यायची. आमच्या गच्चीवर वाळवणांच्या मधून येरझाऱ्या घालत ती वाचायची. मी ओरडायचे, “पाय बघ, पापड मोडशील!” ती वर बघायचीसुद्धा नाही. आणि एका दुपारी ती एकदम थांबली.

“दीपे, गटच नाहीये गं.”

“कुठला?”

“आद्य सरीसृपांचा. ज्यांचं काय करायचं ते कळत नव्हतं त्या सगळ्यांना एका पोत्यात कोंबलंय. त्यांच्यात सारखं काय, तर भोक नाही. नसलेल्या गोष्टीवरून नातं ठरतं का? तुझ्याकडे गाडी नाही, माझ्याकडे गाडी नाही, म्हणून आपण सख्ख्या बहिणी?”

“बरं, मग ते सगळे गेले कुठे?”

“काहींचं नातं पाली-मगरींच्या पूर्वजांशी जवळचं निघतंय. आणि मिलरेटासारख्यांचं वेगळंच घराणं आहे. पॅरारेप्टाईल म्हणतात त्याला.” तिने बोटाने हवेत एक फांदी काढली.

“परीक्षा झाल्यावर बघू हे,” मी म्हटलं.

“परीक्षेच्या आधी कळलंय. त्याला मी काय करू?”

आज मी वर्गात हा भाग शिकवते तेव्हा फळ्यावर आधी ते जुनं पोतं काढते आणि मग पुसते. मुलं वैतागतात. पुसायचंच तर काढलंत कशाला, असं त्यांच्या तोंडावर असतं. पण ते पुसताना एखाद्या माणसाचं काय होतं, ते मी पाहिलंय. फळ्यावरून ते कसं दाखवणार?

प्रात्यक्षिकाच्या दिवशी प्रयोगशाळेत फॉर्मलिनच्या वासाने डोळे चुरचुरत होते. बाहेरून आलेले परीक्षक मधल्या टेबलाशी बसले होते, शेजारी मॅडम. मी कडेच्या टेबलावर आकृती काढत होते. तोंडी परीक्षेतला शब्द न् शब्द मला ऐकू येत होता. सुजाताची पाळी आली. परीक्षकांनी बाबांनी केलेला नेमका तोच मिलरेटा उचलला, भोक बुजलेला.

“कानशिलाला भोक आहे?”

“नाही सर.”

“म्हणजे गट कोणता?”

“भोक नाही एवढ्यावरून गट ठरत नाही, सर. याच्या पिल्लाला भोक असतं.”

“मी पिल्लाचं विचारलेलं नाही. पुस्तकात काय आहे?”

“पुस्तकात कॉटिलोसॉर आहे. पण तसा गट नाहीये, सर.”

परीक्षकांनी चष्मा काढला. “नाहीये? या मॅडमच्या टिपणांवर मी स्वतः शिकवतो. त्यांची डॉक्टरेट आहे त्यावर. ती चूक?”

सुजाताने मॅडमकडे पाहिलं. मॅडम समोरच्या कवटीकडे बघत होत्या.

“हो सर,” सुजाता म्हणाली. “त्या वेळी जेवढं माहीत होतं, त्यावरून बरोबर होतं. आता नाही.”

परीक्षक हसले. रागावले असते तर बरं झालं असतं. “तुम्हा लोकांना हल्ली सगळंच चूक वाटतं,” ते म्हणाले आणि गुणपत्रकाकडे वळले. “या आता.”

माझी पेन्सिल कागदातून आरपार गेली. ‘तुम्हा लोकांना.’ सगळ्या प्रयोगशाळेने ते ऐकलं होतं आणि सगळी प्रयोगशाळा आकृत्या काढत होती. मी मॅडमकडे बघत राहिले. आता बोलतील, आता बोलतील. त्या काही बोलल्या नाहीत.

त्या दिवशी आम्ही परळहून वरळीपर्यंत चालत गेलो. सुजाता पुढे, मी मागे. ऊन डांबरातून वर येत होतं. समुद्र दिसला तरी ती थांबली नाही. कठड्याला धरून चालतच राहिली. शेवटी मी तिची ओढणी धरली.

“बस ना जरा.”

“बसवत नाहीये.” मग म्हणाली, “मी पेपर देणार नाही, दीपे. कुणासाठी द्यायचा? जे नाही ते आहे म्हणून लिहायचं, आणि तपासणारे हेच.”

“आणि तुझी संस्था?”

“खड्ड्यात गेली.” थोड्या वेळाने, अगदी हळू आवाजात ती म्हणाली, “तो माणूस मला माहीतच नव्हता गं. त्याचं काही नाही. त्या गप्प बसल्या.”

पेपरच्या आधी जयंती आली. दरवर्षी मी त्या दिवशी सुजाताकडे जायचेच. बीडीडी चाळींच्या मधल्या रस्त्यांवर निळ्या पताका, पांढऱ्या साड्या नेसलेल्या बायका, लेझीमचा सराव. प्रत्येक दारात पाण्याचे माठ आणि सरबताची पातेली. ढोल असा की जिन्यात पाय ठेवला तरी तळव्याला कळावं. सुजाताच्या घरात खिरीचा वास होता आणि तिची आई पांढरी साडी नेसून, अंबाड्यात मोगरा माळून पाहुण्यांना वाट्या देत होती. सुजाता मात्र घरातल्याच कपड्यांत खिडकीशी उभी होती. वंदनेलाही खाली उतरली नव्हती.

आई मला म्हणाली, “तू तरी सांग हिला. परीक्षा हिची आहे, त्या माणसाची नाही.”

“सांगून झालंय, मावशी.”

तेवढ्यात लांबलचक बोळातून कुणीतरी विचारत येत असल्याचा आवाज आला. निळा फेटा बांधलेली एक बाई पुढे, आणि तिच्यामागे छत्री मिटत लिमये मॅडम. साडी चुरगळली होती. केसांवर गुलाल नव्हे, नीळ. मिरवणुकीच्या तयारीतून वाट काढत आल्या होत्या.

“इथेच ना?” त्या म्हणाल्या. “सगळ्या इमारती सारख्या दिसतात हो तुमच्या.”

सुजाताने वळून पाहिलं, पण ‘या’ म्हणाली नाही.

“बाई, आधी पाणी घ्या,” सुजाताची आई म्हणाली. “मग काय भांडायचं ते भांडा.”

मॅडमनी पाणी घेतलं. पलंगाच्या कडेवर बसल्या. “भांडायला नाही आले. सुजाता, तू ते जे काही वाचलंयस, ते मला वाचायला दे.”

“कशाला?”

“मी वाचलेलं नाही म्हणून.”

सुजाताने फळीवरून कागदांचा गठ्ठा काढला आणि पलंगावर ठेवला, हातात नाही दिला. मॅडमनी चष्मा लावला. त्या वाचत बसल्या. खाली डीजे सुरू झाला, खिडकीची तावदानं थरथरली, शेजारपाजारची माणसं येऊन खीर खाऊन गेली, मध्येच कुणी मॅडमनाही वाटी दिली. त्यांनी न बघता घेतली, खाल्ली आणि रिकामी वाटी तशीच हातात धरून पान उलटलं. मी कधी त्यांच्याकडे, कधी सुजाताकडे बघत होते. सुजाता खिडकीपासून दारापर्यंत जात होती, दारापासून खिडकीपर्यंत येत होती. त्या खोलीत चार पावलं टाकली की भिंत लागायची.

बऱ्याच वेळाने मॅडमनी शेवटचं पान खाली ठेवलं.

“हे खरं असेल तर माझा निम्मा प्रबंध गेला.”

“खरंच आहे ते,” सुजाता म्हणाली.

“असावं. माझ्या लक्षात यायला हवं होतं. त्या पिल्लाच्या कवटीवरूनच.” मॅडमनी हातातली रिकामी वाटी खाली ठेवली. “परवा मी गप्प बसले. तुला वाटलं असेल, मला राग आला. नाही. तू बरोबर आहेस की चूक, हे मला माहीत नव्हतं. माहीत नसताना तुझी बाजू घेतली असती तर ती दया झाली असती. तुला ती चालली असती?”

“नाही.”

“म्हणून गप्प बसले.”

“आणि नंतर तो जे बोलला, तेव्हा?” सुजाताचा आवाज चिरकला. “ते बरोबर की चूक, हेही माहीत नव्हतं तुम्हाला?”

सुजाताची आई हातातलं पातेलं खाली ठेवून उभी राहिली. मॅडमनी चष्मा काढला. डोळ्यांशी घामही होता आणि नीळही. त्यांनी पदराने पुसलं तसं ते गालभर पसरलं.

“ते माहीत होतं,” त्या म्हणाल्या. “तेव्हा बोलायला हवं होतं. ते मला माहीत होतं.”

पुढे त्यांनी काही जोडलं नाही. पण, परंतु, वय, सवय, काही नाही. काल परीक्षकांना फोन केला होता, असं सांगितलं. ते म्हणाले, मी असं काही बोललोच नाही. प्रात्यक्षिकाचे गुण आता बदलणार नाहीत, तेही सांगितलं. “लेखी तक्रार मी देणार आहे. त्याने काय होईल, ठाऊक नाही.”

सुजाताने खिडकीपर्यंत आणखी एक फेरी मारली. मग पलंगावर कागदांच्या दुसऱ्या बाजूला येऊन बसली.

“मॅडम, तुमच्या जबड्यात कानशिलाचा भाग नाहीच आहे,” ती म्हणाली. “तुम्ही तो त्या गटात कशावरून टाकलात?”

“दातांवरून. एकामागे एक रांगा आहेत.”

“मग तो त्याच्या घराण्यात आहेच की. ते घराणं खरं आहे. फक्त त्याच्यावरचं छप्पर खोटं होतं.”

“छप्पर,” मॅडम म्हणाल्या. “आयुष्यभर मी छप्पर शिकवलं.” आणि एकदम व्यवहारी आवाजात, “परवा पेपरात दोन्ही लिही. जुनं काय होतं, आणि ते का मोडलं. कारणासकट. तपासणाऱ्याला गुण कापायला जागा ठेवू नकोस.”

“तरी कापले तर?”

सुजाताच्या आईने उत्तर दिलं. “तर कापले. कोरा पेपर ठेवून आलीस तर त्याला कापायलाही लागणार नाहीत.”

मिरवणूक निघाली तेव्हा आम्ही मॅडमना खाली सोडायला गेलो. गर्दीत सुजाताने त्यांच्या दंडाला धरलं होतं. दोघी बोलत होत्या. ढोलामुळे ओरडत होत्या म्हणायला हवं. मला तुटक तुटक ऐकू येत होतं, दात, रांगा, टाळू, पुन्हा दात. आजूबाजूच्या बायका वळून बघत होत्या.

सुजाताने पेपर दिला. माझ्या पुढच्या बाकावर होती; पुरवण्या घ्यायला इतक्यांदा उठली की पर्यवेक्षक वैतागले. गोष्टीत असतं तसं पुढे झालं नाही. मॅडमच्या तक्रारीचं काही झालं नाही. निकाल लागला तेव्हा सुजाताचा पहिला वर्ग थोडक्यात हुकला होता, आणि दक्षिणेतल्या त्या संस्थेने दुसऱ्या कुणाला तरी घेतलं. मला पहिला वर्ग मिळाला. मी पेढे घेऊन तिच्याकडे जाऊ शकले नाही, तीच पेढे घेऊन आमच्याकडे आली आणि बाबांच्या हातावर ठेवून म्हणाली, “काका, तुमच्या बुजवलेल्या भोकाने वाट लावली माझी.” बाबांना कळेना हसावं की काय करावं.

वर्षभर ती शिकवण्या घेत होती आणि संध्याकाळी गिरगावात जात होती. मॅडम निवृत्त झाल्या होत्या. जेवणाच्या टेबलावर तो जबडा, भिंग आणि टेबललॅम्प मांडून दोघी दातांच्या रांगा मोजायच्या, भांडायच्या, चहा विसरायच्या. मी कधी गेले तर मला तिसऱ्या खुर्चीवरची पुस्तकं उचलून जागा करून घ्यावी लागायची. पुढच्या एप्रिलमध्ये सुजाता पुन्हा परीक्षेला बसली, या वेळी कुणी हसलं नाही, आणि पहिला वर्ग घेऊन ती दक्षिणेत संशोधनाला गेली. त्या जबड्यावर दोघींचा एक छोटा निबंध नंतर छापून आला. जुनं वर्गीकरण मागे घेत आहोत, हे त्यात पहिल्याच वाक्यात होतं. ते वाक्य मॅडमनी लिहिलं होतं. आता मॅडम नाहीत.

मी या शहरातच राहिले, शिकवत राहिले. खरं तर त्या एप्रिलने माझं काय केलं ते मला नीट सांगता येत नाही. त्याआधी मला वाटायचं, अभ्यास म्हणजे एकदा पक्कं करायची गोष्ट. त्यानंतर कुठलीच गोष्ट पक्की करून ठेवता आली नाही. वर्गात एखादं वाक्य ठामपणे बोलून जाते आणि जिन्यात पोचेपर्यंत मन कुरकुरायला लागतं, हे अजून असंच आहे का? कुणी तपासलंय का? लोक याला वय म्हणतात, रक्तदाब म्हणतात. असेलही.

परवा सुजाता आईकडे आली, म्हणून मीही भेटायला गेले. वरळीच्या त्या चाळी पाडून आता तिथे टॉवर उभे राहिलेत; तिची आई वरच्या एका मजल्यावर राहते. लिफ्टमधून जाताना कान बंद होतात. घरात तीन खिडक्या, एकीतून समुद्राचा तुकडा. आईने बाकी काही बदललेलं नाही; पातेली तीच, झाकणं तीच. ती आता निवृत्त आहे आणि इमारतीतल्या अर्ध्या लोकांचा रक्तदाब मोजते.

सुजाता फोन हातात घेऊन या खिडकीतून त्या खिडकीकडे फिरत होती. केस पांढरे झालेत, चालणं तेच.

“काय झालंय हिला?” मी आईला हळूच विचारलं.

“सकाळपासून असंच. विद्यार्थिनीने काहीतरी पाठवलंय.”

सुजाताने ऐकलं. “ऋतुजा म्हणून आहे माझ्याकडे. प्रबंध लिहितेय. दीपे, ते पॅरारेप्टाईल आठवतात ना? मिलरेटाचं घराणं? गेलं.”

“गेलं म्हणजे?”

“कवट्यांच्या आत आता क्ष-किरणांनी बघता येतं. कानाची हाडं, मेंदूची पोकळी, सगळं. ते बघून आता म्हणतात, मिलरेटा त्या घराण्यात बसतच नाही. तो पाली-मगरींच्या पूर्वजांच्या अगदी जवळ आलाय. घराणंच फुटलं. इतकी वर्षं मी त्यावर लिहितेय. माझी आकृती पोरं पाठ करतात, दीपे.” ती पुन्हा चालायला लागली. “आणि पोरीने ते स्वतः तपासलंय. मी काल तिला म्हटलं, पुन्हा बघ, तुझं काहीतरी चुकलंय. तिने पुन्हा बघितलं. आणि पुन्हा तेच पाठवलं.”

“मग?”

“मग काय? मी सकाळपासून चूक शोधतेय.”

“सापडली?”

ती समुद्राच्या खिडकीशी जाऊन उभी राहिली. खाली कुठेतरी पताका बांधणं चाललं होतं. एवढ्या उंचीवरून माणसं दिसत नव्हती, फक्त निळा रंग एका खांबावरून दुसऱ्या खांबाकडे सरकत होता. आईने मला डोळ्यांनी खुणावलं, काही बोलू नकोस. सुजाताने फोन लावला.

“हां, ऋतुजा. वाचलं... हो, सगळं. रात्री पण, सकाळी पण... नाही गं, रागावले नाहीये. काल होते. ऐक, कॉम्प्युटरसमोर आहेस? माझ्या आकृतीबद्दल लिहिलंयस ना, ते पान उघड.” ती थांबली. बोटाने काचेवर काहीतरी गिरवत होती. “तिथे तू लिहिलंयस, ‘ही मांडणी कदाचित चुकीची असावी.’ हे कदाचित कशाला?”

पलीकडून बराच वेळ काहीतरी बोलणं आलं. सुजाता ऐकत राहिली.

“मान वगैरे राहू दे. तू तपासलंयस ना? मग काढ ते ‘कदाचित’. ‘असावी’ पण काढ. ‘आहे’ लिही. काढलंस? वाचून दाखव.”

तिने डोळे मिटून ते वाक्य ऐकून घेतलं. “हां,” म्हणाली. फोन ठेवला, आईच्या पलंगापाशी आली आणि सकाळपासून पहिल्यांदाच खाली बसली.